हौसेचें मोल : एका चेहऱ्याचा इतिहास

हौसेला मोल नसतें, असें आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. हौस पुरविणारा मनुष्य पैशाकडे पाहत नाहीं, एवढाच त्या म्हणण्याचा आशय. परंतु जी हौस सजीव प्राण्याच्या रूपानें घरांत येते, तिला मोल असतेंच. त्यांतील कांहीं धनी चुकवितो आणि उरलेलें तो मुका प्राणी चुकवितो.

शेतकरी बाजारांत बैल घ्यावयास जातो, तेव्हां तो त्याचे दांत मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. रंगाची आणि शिंगांची हौस त्यालाही असते. पण केवळ देखणा म्हणून धाप लागणारा बैल तो दावणीला बांधणार नाहीं. शहरांतील सुशिक्षित गृहस्थ कुत्रा विकत घेतांना हाच विवेक कोठें ठेवून येतो, हें एक कोडें आहे. ज्याला धड श्वास घेतां येत नाहीं, ज्याच्या मादीला आपल्या बळावर विणें कठीण, ज्याच्या पाठीचे मणके जन्मतःच वेडेवांकडे, असा प्राणी तो भारी किंमत देऊन घेतो, जिवापाड सांभाळतो, आणि तो मेल्यावर पुन्हां त्याच जातीचें पिलूं घरीं आणतो. हा गृहस्थ अडाणी नसतो. निर्दय तर मुळींच नसतो. मग तो असें कां करतो? या प्रश्नाचें उत्तर वैद्यकापेक्षां इतिहासांत अधिक सांपडतें. तो इतिहास एका प्राण्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेला आहे. तो प्राणी म्हणजे इंग्रजांचा बुलडॉग.

बुलडॉग म्हणजे बैलाचा कुत्रा. इंग्लंडांत कित्येक शतकें बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ चालत असे. कुत्र्यानें जमिनीला चिकटून पुढें सरकावें, बैलाचें नाक जबड्यांत धरावें आणि बैलानें कितीही झटकलें तरी पकड सोडूं नये, यावर पैजा लागत. अशा कुत्र्याला रुंद जबडा हवा, तशीच चपळ कंबर, बळकट पाय आणि दमदार छातीही हवी. 1817 सालीं अब्राहम कूपर या चित्रकारानें क्रिब आणि रोझा या दोन बुलडॉगांचें चित्र काढलें. तें आज पाहणाराला, हींच आजच्या बुलडॉगचीं पूर्वज कुत्रीं, हें सांगितल्यावांचून कळावयाचें नाहीं. त्यांचे पाय उंच आहेत, अंग सडपातळ आहे, आणि तोंड आंखूड असलें तरी पुढें आलेलें स्पष्ट दिसतें.

1835 सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून हा खेळ बंद केला. भूतदयेचें तें मोठें कृत्य होतें. मात्र त्या कायद्यानें बैल सुटला आणि कुत्रा बेकार झाला. ज्या कामासाठीं त्याची निपज होत असे, तें कामच उरलें नाहीं. पुढील वीसपंचवीस वर्षांत ही जात नामशेष होते कीं काय, अशी अवस्था आली. तिला वांचविलें तें एका नव्या खेळानें. त्या खेळाचें नांव श्वानप्रदर्शन.

1859 सालीं न्यूकॅसल येथें पॉइंटर आणि सेटर या शिकारी कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें. तेथून ही टूम देशभर पसरली. आगगाड्या झाल्या होत्या, मध्यम वर्गाच्या हातीं पैसा खेळूं लागला होता, आणि सरदार-जमीनदारांप्रमाणें आपल्या दारींही कुळवान जनावर असावें ही आकांक्षा दुकानदाराला आणि कारकुनालाही वाटूं लागली होती. 1873 सालीं लंडनांत केनेल क्लब स्थापन झाला, 1875 सालीं बुलडॉग क्लब निघाला, आणि 1891 सालीं चार्ल्स क्रफ्ट या उद्योगी गृहस्थानें आपल्या नांवाचें तें जगप्रसिद्ध प्रदर्शन सुरू केलें. वंशावळीच्या वह्या उघडल्या. प्रत्येक जातीचीं आदर्श लक्षणें कागदावर उतरलीं.

येथें एक गोष्ट घडली, आणि पुढील सर्व अनर्थाचें बीज तींतच आहे. जुन्या खेळांत कुत्र्याचा परीक्षक बैल होता. ज्याचा दम अपुरा पडला, ज्याचे पाय डगमगले, त्याला बैल तेथल्या तेथें नापास करीत असे. ती परीक्षा निर्दय होती खरी. पण ती साऱ्या शरीराची परीक्षा होती. प्रदर्शनांत परीक्षक मनुष्य झाला. त्याच्यापाशीं पारखण्याचें साधन एकच, तें म्हणजे डोळा. आणि श्वास डोळ्यांना दिसत नाहीं.

बुलडॉगच्या लक्षणांत कवटीविषयीं असा दंडक होता, कीं ती फार मोठी असावी; जितकी मोठी तितकी चांगली; तिचा घेर निदान खांद्याच्या उंचीइतका तरी भरावा. चेहरा आंखूड असावा, नाक मागें सरकलेलें असावें, छाती रुंद असावी. ‘जितकें अधिक तितकें उत्तम’ या भाषेला शेवट नसतो. या वर्षीं ज्याला बक्षीस मिळालें, त्याच्याहून थोडें अधिक मोठें डोकें आणि थोडें अधिक चपटें नाक पुढच्या वर्षीं हवें होतें. बक्षीस मिळविणाऱ्या नराला माद्यांची मागणी येई. त्याचींच पिलें चोहोंकडे जात. आणि तीं पुन्हां आपसांत जुळविलीं जात. चपट्या नाकाचें समर्थनही तयार होतें. बैलाचें नाक धरून ठेवलें असतां कुत्र्याला श्वास घेतां यावा म्हणून त्याचें स्वतःचें नाक मागें असावें लागतें, असें सांगत. श्वासाच्या सोयीसाठीं म्हणून जें नाक मागें ढकललें, त्यानेंच पुढें श्वासाची वाट अडविली, हा या कथेंतील दैवदुर्विलास होय.

याचा इशारा वेळींच मिळाला नव्हता, असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ऑरी आणि डॉकलीफ या दोन नामांकित बुलडॉगांची वीस मैल चालण्याची पैज लागली. ऑरी जुन्या धाटणीचा, हलक्या हाडाचा आणि चपळ होता; डॉकलीफ नव्या रुचीप्रमाणें ठेंगणा आणि जड होता. ऑरीनें पल्ला पुरा केला. डॉकलीफ वाटेंतच कोसळला. निकाल इतका स्वच्छ लागूनही पुढील पिढ्यांचें रूप डॉकलीफच्या वळणावर गेलें. पैज ऑरीनें जिंकली, पण लोकांच्या डोळ्यांत डॉकलीफ भरला.

त्या रूपाच्या आंत काय चाललें होतें, हें आज पशुवैद्यकानें उघड करून दाखविलें आहे. कवटीचें हाड आंखूड झालें, परंतु आंतील मऊ भाग त्या मानानें आंखडला नाहीं. लांब तोंडांत मावणारी मृदु टाळू आंखूड तोंडांत मावेना; ती घशाच्या वाटेवर लोंबूं लागली. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद झाल्या. ज्याला लोक गमतीनें घोरणें म्हणतात, तो अडलेल्या हवेचा आवाज असतो. कित्येक कुत्रे बसल्या बसल्या झोंप घेतात, किंवा तोंडांत खेळणें धरून निजतात. कारण तोंड मिटलें तर श्वास कोंडतो. घरांतील माणसें तें पाहून कौतुकानें हंसतात. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. उन्हांत तो मुख्यतः जीभ आणि नाक यांवाटे अंगांतील उष्णता बाहेर टाकतो. ती वाटच अरुंद झाल्यावर इंग्लंडांतील मवाळ उन्हाळाही त्याला जड जातो. मग वऱ्हाड-नागपूरच्या वैशाखांत त्याची काय दशा होत असेल, हें सांगावयास नको. याखेरीज पिलाचें डोकें मोठें आणि आईचें कटिर अरुंद, म्हणून वितांना मादीचें पोट चिरावें लागतें. ब्रिटनमध्यें 2010 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत बुलडॉगच्या शेंकडा 80 हून अधिक विती शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळलें. ज्या जातीला सुइणीऐवजीं शस्त्रवैद्य लागतो, ती जात माणसाच्या हौसेवांचून दोन पिढ्याही टिकणार नाहीं.

हें सर्व छापलें गेलें आहे, सांगितलें गेलें आहे. तरीही मागणी कमी होत नाहीं. तेव्हां मूळ प्रश्नाकडे वळलें पाहिजे.

पहिलें कारण प्रतीकाचें. ज्या शतकांत बुलडॉगचें शरीर दुबळें होत गेलें, त्याच शतकांत त्याची कीर्ति वाढत गेली. व्यंगचित्रकारांनीं त्याला जॉन बुलच्या शेजारीं उभें केलें. चिवटपणा, निर्भयता आणि घेतलेला वसा न टाकणें हे इंग्रजी राष्ट्राचे मानलेले गुण त्याच्या जबड्यांत लोकांना दिसूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत तर चर्चिल आणि बुलडॉग हीं जणूं एकाच मूर्तीचीं दोन रूपें झालीं. चर्चिलचा त्या काळांतील लाडका कुत्रा रूफस हा मात्र पूडल जातीचा होता. बुलडॉग घेणारा मनुष्य म्हणजे नुसतें जनावर घेत नव्हता; तो एक बिरुद घेत होता. आणि बिरुदाला दमा असतो काय, असें कोणी विचारीत नाहीं.

दुसरें कारण अधिक खोल आहे. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्त्स यानें 1943 सालीं असें प्रतिपादन केलें, कीं मोठें वाटोळें डोकें, उंच कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि इवलेंसें नाक हीं तान्ह्या मुलाचीं लक्षणें दिसतांच मनुष्याच्या मनांत वात्सल्य आपोआप जागें होतें. बुलडॉग, त्याचा लहान भाऊबंद फ्रेंच बुलडॉग आणि पग यांच्या चेहऱ्यांत हीं लक्षणें आयुष्यभर टिकून राहतात. हे चेहरे पूर्वापार असेच होते, असेंही नाहीं. विल्यम होगार्थ या चित्रकारानें 1745 सालच्या आपल्या आत्मचित्रांत स्वतःचा पग शेजारीं बसविला आहे. त्याचें तोंड आजच्या पगाहून पुष्कळच लांब आहे. दर पिढींत लोकांनीं अधिकाधिक बाळसेदार चेहरा निवडला, आणि लांब तोंडाचा कुत्रा मागें पडत गेला. ज्या ममतेनें आई लेंकराला उराशीं धरते, तिचाच हा आडवाटेनें झालेला परिणाम आहे.

तिसरें कारण म्हणजे टूम. अमेरिकेंतील नोंदवह्यांच्या अनेक दशकांच्या आंकड्यांवरून कांहीं संशोधकांनीं 2013 सालीं दाखवून दिलें, कीं अधिक आयुष्य, अधिक चांगलें वर्तन किंवा कमी आनुवंशिक रोग यांमुळें एखादी जात लोकप्रिय होते, असें दिसत नाहीं. उलट लोकप्रिय जातींत असे रोगच अधिक आढळतात. शेजाऱ्यानें घेतला, चित्रपटांत पाहिला, एवढें पुरतें. याचा दाखला दूर शोधावयास नको. 2003 सालीं हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत एका लहान मुलाच्या मागोमाग जिकडे तिकडे जाणारा पग भारतांतील घराघरांत दिसला, आणि मुंबई-पुण्याच्या लहान सदनिकांतून पगाची मागणी एकाएकीं वाढली. जाहिरातींतील कुत्रा मुलाची पाठ सोडीत नसे. धांवतांना त्याला धाप किती लागते, हें त्या थोड्या क्षणांत कोणाच्या ध्यानांत येणार?

परंतु प्रतीक, वात्सल्य आणि टूम या तिन्ही गोष्टी कुत्रा घरांत येईपर्यंतच्या आहेत. एकदां तो आल्यावर जें घडतें, तें या कोड्याचें मर्म होय. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजांतील संशोधकांचा एक अभ्यास 2012 सालीं प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्यांत श्वासरोधाचीं लक्षणें स्पष्ट होतीं, त्यांच्या धन्यांना त्यांनीं विचारलें, कीं तुमच्या कुत्र्याला श्वासाचा कांहीं त्रास आहे काय? त्यांपैकीं शेंकडा 58 जणांनीं ‘नाहीं’ असें उत्तर दिलें. हे लोक खोटें बोलत नव्हते. कुत्रा घोरतो, चार पायऱ्या चढून थबकतो, हें त्यांनीं स्वतःच सांगितलें होतें. पण या जातीचा कुत्रा असाच असावयाचा, अशी त्यांची समजूत होती. रोगाचें नांव स्वभाव पडलें, म्हणजे त्यावर उपाय शोधण्याची बुद्धिच होत नाहीं. 2019 सालीं आलेल्या दुसऱ्या पाहणींत चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या दोन हजारांहून अधिक धन्यांना विचारलें. शरीराच्या ठेवणीमुळें शस्त्रक्रिया करावी लागलेले कुत्रे शेंकडा 20 च्या घरांत होते; तरी शेंकडा 70 धन्यांनीं आपल्या कुत्र्याची प्रकृति फार चांगली किंवा सर्वोत्तम असल्याचें सांगितलें. आणि आजारपणाचा अनुभव आला म्हणून धन्याचें मन त्या जातीवरून उडतेंच असें नाहीं, हें डेन्मार्कमधील संशोधकांना 2017 सालीं दिसून आलें होतें. आजारी मुलावर आईचा जीव अधिक, हें घरोघरीं पाहावयास मिळतें. रात्र रात्र जागून ज्याचा श्वास मोजला, त्याच्याविषयीं माया वाढते, आणि त्या मायेपोटीं तोच चेहरा पुन्हां हवासा वाटतो. अशा रीतीनें प्रेमच रोगाचा वंश चालवितें.

याला जोड मिळते ती रक्ताच्या सोवळ्याची. काळ्या ठिपक्यांचा डाल्मेशियन हा बुलडॉगसारखा बेढब नाहीं. तो चांगला धावणारा कुत्रा आहे. परंतु त्या जातीच्या यच्चयावत शुद्ध कुत्र्यांत एक आनुवंशिक दोष होता. त्यामुळें मूत्रांत यूरिक आम्ल सांचून खडे होण्याचा धोका असे. रॉबर्ट शायबल या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञानें 1973 सालीं पॉइंटर जातीशीं एकच संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढींत पुन्हां डाल्मेशियनच जुळविला. दोष गेला, ठिपके राहिले. 1981 सालीं अमेरिकन केनेल क्लबनें अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. पण डाल्मेशियनप्रेमी मंडळींनीं हरकत घेतली आणि नोंदणीचें दार बंद झालें. 2008 सालीं दोषाचें नेमकें जनुक सांपडलें. ब्रिटनमध्यें 2010 सालीं आणि अमेरिकेंत 2011 सालीं दार पुन्हां उघडलें. तोंवर पॉइंटरच्या रक्ताचा अंश हजारांत एकाहूनही कमी उरला होता. उपाय हातीं असतां अडतीस वर्षें गेलीं. विरोध करणारे कुत्र्यांचे वैरी नव्हते. तेच त्यांचे सर्वांत मोठे भक्त होते.

तर मग चेहरा बदलणें अशक्य आहे काय? इतिहास म्हणतो, नाहीं. 1926 सालीं रॉझवेल एल्ड्रिज नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें क्रफ्ट्सच्या प्रदर्शनांत एक बक्षीस जाहीर केलें. राजा दुसरा चार्ल्स याच्या काळच्या चित्रांत दिसणारे लांब तोंडाचे स्पॅनियल त्याला हवे होते. प्रदर्शनांत येणारे सारे चपट्या तोंडाचे. त्यानें पंचवीस पौंड देऊं केले. थोड्याच वर्षांत लांब तोंडाचे कुत्रे पुढें येऊं लागले, आणि 1945 सालीं कॅव्हेलियर ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. पंचवीस पौंडांनीं एक नाक परत आणलें! पण याच कथेला दुसरी बाजू आहे. ही जात अगदीं थोड्या कुत्र्यांपासून वाढविली गेली, आणि आज हृदयाच्या झडपेचा विकार तींत सर्वत्र पसरलेला आहे. कित्येकांची कवटी मेंदूला अपुरी पडते. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानें 2023 सालीं या जातीची चालू पद्धतीची पैदास बेकायदेशीर ठरविली. चेहरा सुधारला तरी गोतावळा अरुंद ठेवला, तर रोग दुसऱ्या दारानें येतो. बुलडॉगच्या बाबतींतही जातीच्या आंत सुधारणेस पुरेसें वैविध्य उरलें आहे कीं नाहीं, याची शंका 2016 सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं व्यक्त केली आहे.

सत्तेनें आणि संस्थांनींही हालचाल केली आहे. 2008 सालीं बी. बी. सी. नें शुद्ध जातींच्या दुःस्थितीवर एक चित्रपट दाखविला, त्यावरून मोठी खळबळ उडाली. पुढच्याच वर्षीं केनेल क्लबनें कित्येक जातींचीं लक्षणें बदललीं आणि सख्ख्या भावंडांच्या किंवा आईबापांशीं झालेल्या संबंधांतील पिलांची नोंद बंद केली. नेदर्लंड्समध्यें 2019 सालीं, ज्या कुत्र्याचें तोंड कवटीच्या लांबीच्या एकतृतीयांशाहून आंखूड असेल त्याची पैदास करूं नये, असा नियम आला. तरी 2018 सालीं ब्रिटनमध्यें नोंदणींत पहिला नंबर फ्रेंच बुलडॉगचा लागला; आणि 2022 सालीं अमेरिकेंत त्यानें लॅब्रॅडॉरला एकतीस वर्षांच्या अग्रस्थानावरून खालीं ओढलें. कायदा पैदाशीला अडवूं शकेल. आवडीला अडविणें त्याच्या हातीं नाहीं.

ती आवड ज्याची, त्याच्याच हातीं शेवटची किल्ली आहे. ज्याच्या घरीं असा कुत्रा आज आहे, त्यानें त्याच्यावर प्रेम करूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं; त्या मुक्या प्राण्याचा यांत अपराध नाहीं. प्रश्न पुढच्या पिलाचा आहे. तें घेतांना शेतकऱ्याची रीत आठवावी. पिलाच्या डोळ्यांकडे पाहण्यापूर्वीं त्याच्या आईला चार पावलें चालवावें आणि तिच्या श्वासाकडे कान द्यावा. श्वास डोळ्यांना दिसत नाहीं, पण कानांना ऐकूं येतो. दीडशें वर्षें परीक्षक नुसता पाहत आला. आतां त्यानें ऐकावयास शिकलें पाहिजे. मग हौसेचें मोल ज्याचें त्यालाच चुकवितां येईल. तें दुसऱ्याच्या श्वासानें चुकविण्याची पाळी येणार नाहीं.